लसीच्या बाटलीवरचा छोटा चौकोन

"रात्रभर लाइट नव्हती म्हणं दवाखान्यात. नासली आसंल लस. फेका अन् नवी मागवा."

परभणी जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर भाचीच्या दीड महिन्याच्या बाळाला घेऊन रांगेत उभा होतो, तेव्हा मागून हे ऐकलं. एप्रिल महिना, दहा वाजताच उन्हाचा चटका. सिस्टरनं व्हॅक्सिन कॅरिअरमधून, म्हणजे लसी गार ठेवून नेण्याच्या पेटीतून, पोलिओची बाटली काढली आणि त्या गृहस्थांसमोर धरली. "काका, हितं बघा. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा पांढरा हाय ना? मग लस चांगली हाय."

शंका आली की टाकून द्यायचं, ही सवय सरकारी आरोग्यसेवेला महागात पडते. लसींच्या बाबतीत त्यावर फार सुंदर उपाय आहे आणि तो बाटलीवरच चिकटवलेला असतो. त्याचं नाव व्हीव्हीएम, म्हणजे व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर. १९९६ साली तो पहिल्यांदा पोलिओच्या लसीवर आला.

त्या चौकोनात डायॲसिटिलीन जातीचं रसायन असतं. कडब्याच्या गंजीत पेंढ्या रचाव्यात तसे त्याचे रेणू स्फटिकात एकाशेजारी एक बसलेले असतात. उष्णतेनं ते थरथरतात. ज्यांना पुरेशी ऊर्जा मिळते ते शेजाऱ्याशी जोडले जातात, तो पुढच्याशी, आणि लांब साखळी तयार होते. या साखळीत एकेरी बंध आणि दुहेरी किंवा तिहेरी बंध आलटून पालटून येतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन एका रेणूपुरते अडकून न राहता साखळीभर पसरतात. सुटे रेणू फक्त अतिनील किरण शोषत होते, म्हणून पांढरे दिसायचे. साखळी दृश्य प्रकाशही शोषते, म्हणून चौकोन जांभळट गडद होत जातो.

खरी करामत वेगात आहे. लस बिघडणं हीदेखील रासायनिक क्रियाच. तापमान वाढलं की तीही वेगानं होते, आणि किती वेगानं हे तिच्या सक्रियण ऊर्जेवर, म्हणजे क्रिया घडायला लागणाऱ्या किमान ऊर्जेवर ठरतं. चौकोनाचं रसायन असं निवडतात की त्याचा काळवंडण्याचा वेग लसीच्या बिघडण्याच्या वेगाशी जुळावा. पोलिओच्या बाटलीवरचा चौकोन ३७ अंशांना २ दिवसांत बाद होण्याच्या खुणेपर्यंत, म्हणजे बाहेरच्या गोलाइतका गडद होण्यापर्यंत, पोहोचतो, ५ अंशांना त्याला २२५ दिवस लागतात. पुन्हा थंड केलं तरी बंध सुटत नाहीत, रंग मागे फिरत नाही. कारखान्यातून निघाल्यापासून बाटलीनं सोसलेल्या प्रत्येक तासाची बेरीज तिथं झालेली असते. एका रात्रीची लाइट जाणं त्या बेरजेत जेवढ्यास तेवढंच धरलं जातं. शिवाय आयएलआर, म्हणजे लसींचा फ्रीज, दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी थंडावा धरून ठेवेल असाच बनवलेला असतो.

पण हा चौकोन गारठ्याबद्दल काहीच सांगत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हात नेमकी तीच चूक होते. 'जितकं गार तितकं चांगलं' म्हणून डीप फ्रीजरमधले कडक आईसपॅक तसेच कॅरिअरमध्ये भरले, तर पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची), हिपॅटायटिस बी या लसी गोठतात. त्यांतल्या ॲल्युमिनियम क्षाराच्या कणांच्या गुठळ्या होतात आणि लस निकामी होते. चौकोन मात्र पांढराच राहतो. म्हणून जाणती सिस्टर आईसपॅक आधी बाहेर ठेवते, कानाशी धरून हलवते, आत पाणी डचमळल्याचा आवाज आला की मगच भरते. संशय असेल तर शेक टेस्ट असते: त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवायची, दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या. संशयित बाटलीतला गाळही गोठवलेलीइतकाच झटपट बसला, तर तीही गेली.

काही नासाडी मात्र करावीच लागते. पेंटा, पोलिओ यांची उघडलेली बाटली नियम पाळून २८ दिवस वापरता येते. गोवर-रुबेला आणि क्षयावरची बीसीजी मात्र द्रावक मिसळल्यावर चार तासांत टाकावीच लागते, कारण त्यांत जंतुरोधक नसतो आणि शिल्लक लसीत वाढलेले जंतू बाळाचा जीव घेऊ शकतात. तांड्यावर एकच बाळ आलं तरी अनेक डोसांची ही बाटली फोडावी, असं माझं ठाम मत आहे. गोवर आला की 'देवी आली' म्हणत लिंबाचा पाला लावून, औषधाविना लेकरू घरात ठेवणारी घरं अजून आहेत. तिथं एक बाळ परत पाठवणं उरलेल्या डोसांपेक्षा कितीतरी महाग पडतं.

म्हणून जिल्ह्याच्या आराखड्यात नव्या इमारतीची आणि चकचकीत यंत्राची मागणी निघते, तेव्हा मला आयएलआरची वेळेवर दुरुस्ती, जनरेटरचं डिझेल, गोठल्याचं दाखवणारा निर्देशक आणि सिस्टरचं प्रशिक्षण आधी हवं असतं. एक आयएलआर रात्रीतून उणे तापमानात गेला तर त्या आरोग्य केंद्राखालच्या सगळ्या गावांचा पेंटा एकदम जातो.