आरी की पंच? चामडं हाताने शिवण्यातल्या वादाची पार्श्वभूमी

चामडं शिवताना भोकं आरीने, म्हणजे मूठ असलेल्या टोकदार हत्याराने, एकेक पाडायची की दातेरी पंच ठोकून एकदम, हा तो वाद. आरी फार जुनी, आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या साधारण ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या कमरेच्या पिशवीतही हाडाची आरी निघाली होती. पण आजचा वाद समजायला १९ व्या शतकापासून सुरुवात केली तरी पुरतं. १८५८ मध्ये अमेरिकेत बुटाचा तळ शिवणाऱ्या मशीनचं पेटंट निघालं आणि बुटांचं हातकाम घटत गेलं, खोगीर-लगामाचं मात्र बरंचसं हातातच राहिलं, इंग्लंडमधलं वॉलसॉल त्यासाठीच ओळखलं जातं.

याचं कारण टाक्याच्या पद्धतीत आहे. मशीनचे दोन धागे चामड्याच्या मधोमध एकमेकांत अडकतात, एक तुटला की शिवण उसवत जाते. हाताने घातलेल्या सॅडल स्टिचमध्ये एकच धागा, दोन टोकांना दोन सुया, दोन्ही प्रत्येक भोकातून जातात, त्यामुळे एक बाजू झिजली तरी दुसरी धरून ठेवते. (आपल्या फुटपाथवरच्या चांभारकाकांची आरी वेगळी, टोकाला हूक असलेली, ती खालचा धागा वर ओढते.)

आता भांडण. जुन्या पद्धतीत दातेरी प्रिकिंग आयर्नने वरून फक्त खुणा करायच्या आणि भोक आरीनेच पाडायचं, टाका घालता घालता. या आयर्नचे दाते जाड आणि निमुळते, आरपार ठोकले की चामड्यात रुततात. नंतर बारीक, लांब दात्यांचे चिझल, म्हणजेच पंच, स्वस्तात मिळायला लागले, हातोडीने ठोकलं की एका दमात सगळी भोकं तयार, आणि व्हिडिओ बघून शिकणाऱ्या नव्या लोकांनी आरी हातात घेणंच सोडलं. पातळ पाकिटाला ते चालतं, हे मान्यच. पण जाड पट्टा, गोल कडा, बॅगेचा कोपरा आला की चिझल तिथे नीट बसतच नाही, आणि चार थर असतील तर मागची भोकं वाकडी जातात. तिथे आरीच लागते, आणि ती शिकलेला माणूस पाकीटही जास्त सुबक शिवतो असं माझं ठाम मत आहे.

आरी घेताना लोक मुठीचं लाकूड बघतात, बघायचं पातं. डायमंड आकाराचं, टाक्याच्या अंतरापेक्षा बरंच अरुंद, इंचाला ८ टाके म्हणजे साधारण ३ मिमी अंतर, रुंद पातं घेतलं तर शेजारची भोकं एकमेकांत फाटतात. शिवाय नवी आरी बहुतेक वेळा बोथटच येते, दगडावर धार लावून चामड्याच्या पट्ट्यावर पॉलिश केल्याशिवाय ती चामड्यात जोर लावूनच घुसवावी लागते आणि सटकून बोटात जाते.