गणिती आकृती, बहुमंच

बहुमंच गणिती आकृती : एकाच मूळ फाइलवरून छापील पान, मोबाइल व प्रोजेक्टर या सर्वांवर मापे न बिघडता उमटणारी, गणिताच्या अध्यापनासाठी तयार केलेली आकृती. ती सदिश स्वरूपात साठवतात. म्हणजे ठिपक्यांऐवजी बिंदूंचे सहनिर्देशक आणि त्यांमधील रेषा व वक्र नोंदले जातात. पडद्यासाठी एसव्हीजी (शिफारस २००१) व छपाईसाठी पीडीएफ (१९९३) ही स्वरूपे रूढ आहेत. आखणीसाठी जिओजेब्रा व इंकस्केप ही सॉफ्टवेअरे सर्रास वापरतात.

या स्वरूपांतील वक्रांचे जनकत्व वादग्रस्त आहे. त्यांना पिएर बेझिए यांचे नाव मिळाले. रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीतील त्यांचे काम १९६० च्या दशकात प्रसिद्ध झाले. सीट्रोएन या दुसऱ्या फ्रेंच मोटार कंपनीतील पॉल द कास्तेलझो यांनी तीच रचना १९५९ च्या सुमारास मांडली होती. मात्र कंपनीने ती गोपनीय ठेवली. कालक्रमाने अग्रमान कास्तेलझो यांचा ठरतो. तरी दोघांचे काम स्वतंत्र असल्याने रूढ नाव सोडण्याचे कारण दिसत नाही. दोघांच्या मुळाशी गणितज्ञ बर्नस्टाइन यांच्या बहुपदी (१९१२) आहेत. या घन (तिसऱ्या घाताच्या) वक्रांनी अचूक वर्तुळ मात्र निघत नाही. पीडीएफमध्ये वर्तुळाची स्वतंत्र आज्ञा नसल्याने ते चार वक्र जोडून काढतात व नियंत्रक बिंदू (वक्राला वळण देणारे बिंदू) वक्राच्या टोकांपासून त्रिज्येच्या ०.५५२३ पट अंतरावर घेतात. त्रिज्येतील कमाल चूक सुमारे ०.०२७ टक्के येते; १० सेमी त्रिज्येला ती ०.०३ मिमीहून कमी भरते व कंपासने ताडून पाहिली तरी कळत नाही.

खरी चूक फाइल उघडताना व छपाईत होते. इंकस्केपच्या ०.९२ पूर्वीच्या आवृत्त्या इंचाला ९० पिक्सेल धरत, नंतरच्या ९६ धरतात. त्यामुळे पिक्सेलमध्ये आखलेला जुना १० सेमीचा रेषाखंड ९.३७५ सेमी होऊ शकतो. लेटर या अमेरिकी मापाचे पान ए-४ च्या रुंदीत बसवले तर तोच ९.७ सेमीच्या आसपास येतो. कोन बिघडत नाहीत, पट्टीने मोजलेली लांबी बिघडते. म्हणून आखणी मिलिमीटरमध्ये करावी, छापताना १०० टक्के माप निवडावे व पानाच्या तळाशी १० सेमीची पडताळणी-रेषा ठेवावी.

विदर्भातील ग्रामीण शाळांत क्षेत्रफळासाठी वावराचा आराखडा हे उत्तम उदाहरण ठरते. एक गुंठा म्हणजे ३३ × ३३ फूट. १ सेमी = ३३ फूट हे प्रमाण घेतले की चौकटीच्या जाळीतील प्रत्येक चौरस एक गुंठा होतो, ४० चौरसांचा एकर. सोयीसाठी १ : १००० प्रमाण घेतल्यास चौरस १०० चौ. मी. चा होतो, गुंठा मात्र १०१.१७ चौ. मी. चा असतो, चार एकरांच्या वावरात जवळजवळ दोन गुंठे जास्त मोजले जातात. वाकडा धुरा (बांध) असल्यास वावराचे त्रिकोण पाडावेत. तुकड्यांना वेगळे रंग देऊ नयेत, कारण काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर लाल व हिरवा जवळपास सारखेच करडे दिसू शकतात. ०.२५ पॉइंटची (पॉइंट म्हणजे १/७२ इंच) रेघ झेरॉक्समध्ये तुटू शकते आणि घनाकृतीत ती तुटक रेघेने दाखवलेली लपलेली कड भासते, ०.८ ते १ पॉइंट जाडी पुरते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आकृती फोटो म्हणून पाठवल्यास ती दाबली जाऊन अक्षरे फुटतात. पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. क्रुतिदेवसारख्या जुन्या फाँटातील मजकूर तो फाँट नसलेल्या मोबाइलवर निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो. वाटपाच्या प्रतीत अक्षरांचे वक्रांत रूपांतर करावे, मूळ फाइल तशीच जपावी. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया-गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी शब्दांचा थर वेगळा ठेवल्यास आकृतीला हात न लावता तेवढाच बदलता येतो.