अलादुरा चर्च, ब्रिटनमधील

पश्चिम आफ्रिकेत, मुख्यतः नायजेरियाच्या योरुबा समाजात, 1918 नंतरच्या दोन दशकांत उदयास आलेल्या स्वतंत्र ख्रिस्ती मंडळ्यांना एकत्रितपणे ‘अलादुरा’, म्हणजे प्रार्थना करणारे लोक, असे म्हणतात. 1960 च्या दशकापासून स्थलांतरित योरुबांनी लंडनमध्ये व काही प्रमाणात ब्रिटनमधील अन्य शहरांत स्थापन केलेल्या या मंडळ्यांचे सेवाकार्य व सामुदायिक जीवन हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. चेरुबिम अँड सेराफिम, चर्च ऑफ द लॉर्ड (अलादुरा), ख्राइस्ट अपोस्टॉलिक चर्च आणि सेलेस्टियल चर्च ऑफ ख्राइस्ट या तेथील प्रमुख शाखा होत.

संप्रदायाच्या उगमाविषयी एकमत नाही. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत इजेबू-ओडे येथील सेंट सेव्हियर या अँग्लिकन चर्चमधील काही सभासद जोसेफ शादारे यांच्या स्वप्नातील आदेशानुसार प्रार्थनेसाठी एकत्र येऊ लागले; सोफिया ओदुनलामी या तरुण शिक्षिकेने पावसाचे पाणी व प्रार्थना यांनी रोग बरा होईल असा आत्म्याचा संदेश मिळाल्याचे सांगितले, आणि या मंडळाला पुढे ‘मौल्यवान रत्न’ अशा अर्थाचे नाव मिळाले. या मंडळाचा अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील फेथ टॅबर्नॅकल या पंथाशी पत्रव्यवहार व पुस्तिकांद्वारे संबंध आला. बालकांचा बाप्तिस्मा आणि औषधांचा वापर या दोन प्रश्नांवरून 1922 च्या सुमारास त्याने अँग्लिकन चर्चशी फारकत घेतली. यावरून संपूर्ण चळवळीचे मूळ अमेरिकन पुस्तिकांत शोधण्याकडे काही लेखकांचा कल आहे. दुसऱ्या मतानुसार इफा या योरुबा कौलपद्धतीत बाबालावो, म्हणजे कौल लावणारा पुरोहित, जे कार्य करी, तेच येथे ख्रिस्ती वेशात चालू राहिले. तिसरे मत असे, की 1884 च्या सुमारास पूर्ण झालेल्या योरुबा बायबलच्या वाचनातून ही चळवळ स्वाभाविकपणे उभी राहिली: ज्या ग्रंथात स्वप्ने, दृष्टांत आणि रोगमुक्ती पानोपानी आढळतात, तो मातृभाषेत हाती आल्यावर मिशनऱ्यांच्या संयत उपासनेवर वाचकांचे समाधान होणे कठीण होते.

या मतांचा विचार करताना मोझेस ओरिमोलाडे यांचे उदाहरण निर्णायक ठरावे. इकारे येथील हे फिरते उपदेशक फिलाडेल्फियाशी कोणताही संबंध नसताना 1920 पूर्वीपासून प्रार्थनेने रोगी बरे करीत गावोगाव हिंडत होते. 1925 च्या जून महिन्यात लागोस येथे ख्रिस्तशरीराच्या सणाची कॅथलिक मिरवणूक पाहण्यास गेलेली क्रिस्तियाना अबिओदुन अकिन्सोवोन ही किशोरवयीन मुलगी समाधिस्थितीत गेली व ओरिमोलाडे यांच्या प्रार्थनेनंतर शुद्धीवर आली. या दोघांभोवती जमलेल्या मंडळातून सेराफिम संघ निर्माण झाला. चेरुबिम हे नाव त्याला नंतर जोडण्यात आले. 1929 मध्ये दोघांचे मार्ग वेगळे झाले. जोसाया ओशितेलू या अँग्लिकन शिक्षकाने 1930 मध्ये ओगेरे येथे चर्च ऑफ द लॉर्डची स्थापना केली, तर त्याच वर्षी इलेशा येथे पूर्वी रस्त्यावरील रोलर चालविणारे जोसेफ बाबालोला यांच्या सभांना मोठा जनसमुदाय लोटला. हॅरॉल्ड टर्नर या धर्मशास्त्रज्ञाने चर्च ऑफ द लॉर्डच्या अभ्यासात त्याच्या ख्रिस्ती आशयावर, तर जे. डी. वाय. पील या समाजशास्त्रज्ञाने योरुबा समाजाच्या स्वतःच्या प्रश्नांवर व उत्तरे शोधण्याच्या त्याच्या रीतीवर भर दिला. हे दोन्ही दृष्टिकोन परस्परपूरक मानता येतात. परदेशी पुस्तिकांचा प्रभाव मात्र एका प्रवाहापुरता मर्यादित दिसतो. पेंटेकॉस्टल चळवळीचा (पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती पंथांचा) सारा इतिहास लॉस अँजेलिस येथील 1906 च्या जागृतीपासून मांडणाऱ्यांना पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमधील 1905 च्या जागृतीची स्वतंत्र नोंद घ्यावी लागते, हे याच स्वरूपाच्या वादातील उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे असेल.

सेलेस्टियल चर्चचा अलादुरांत समावेश करावा की नाही, हा वेगळा वाद आहे. मेथडिस्ट परंपरेत वाढलेले सुतार सॅम्युएल ओशोफ्फा यांनी 1947 मध्ये तत्कालीन दाहोमीतील (आताचे बेनिन) पोर्तो-नोव्हो येथे त्याची स्थापना केली. लाकडाच्या शोधात जंगलात भरकटले असताना सूर्यग्रहणाच्या सुमारास आपणास साक्षात्कार झाला, असे त्यांचे निवेदन होते. 1920 च्या दशकातील प्रार्थनामंडळांशी त्यांचा थेट संबंध दिसत नाही. तथापि शुभ्र झगा, अनवाणी उपासना, दृष्टांत व व्रतवजा प्रार्थना यांतील साम्य एवढे आहे, की ब्रिटनमधील वास्तवाचा विचार करता त्यास वेगळे काढणे योग्य वाटत नाही.

ब्रिटनमध्ये आफ्रिकी नेतृत्वाखालील मंडळ्या याहून जुन्या आहेत. गोल्ड कोस्टचे (आताचा घाना) टॉमस ब्रेम-विल्सन यांनी लंडनच्या पेकम भागात 1906 ते 1908 च्या दरम्यान एक प्रार्थनागृह सुरू केले. लिव्हरपूल येथे डॅनियल्स एकार्टे यांचे आफ्रिकन चर्चेस मिशन 1931 पासून कार्यरत होते. अलादुरांचे आगमन मात्र नायजेरियाच्या स्वातंत्र्याच्या (1960) आसपास आलेल्या विद्यार्थ्यांशी निगडित आहे. कायदा, लेखापरीक्षण किंवा परिचर्या शिकून काही वर्षांत परतण्याच्या बेताने आलेली ही दांपत्ये दिवसा नोकरी व रात्री अभ्यास करीत. पैसा व वेळ दोन्ही अपुरे असल्याने अनेकांनी आपली लहान मुले वृत्तपत्रीय जाहिरातींद्वारे इंग्रज कुटुंबांकडे पगारी सांभाळासाठी ठेवली. मायदेशी अँग्लिकन वा मेथडिस्ट असलेल्यांना येथील चर्चमध्ये थंडपणा व कधी उघड वर्णद्वेष अनुभवास आला. ग्लासगो येथे बायबल प्रशिक्षणासाठी आलेले ॲडेलेके आडेजोबी यांनी 1964 मध्ये लंडनमध्ये चर्च ऑफ द लॉर्डची शाखा स्थापिली. 1965 मध्ये चेरुबिम अँड सेराफिमची पहिली मंडळी तेथे भरू लागली. आरंभीच्या सभा भाड्याच्या खोल्यांत होत व नंतर अँग्लिकन चर्चची सभागृहे तासांच्या हिशेबाने घेतली जात.

या मंडळ्या म्हणजे परक्या देशातील एकाकी लोकांनी शोधलेला आसरा, असे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. आसरा योरुबा ग्रामसंघ आणि विद्यार्थी संघटनाही देत होत्या. अलादुरा मंडळीकडे लोक येत ते प्रार्थनेचा परिणाम होतो या श्रद्धेने. सेवाकार्याचा गाभा पुढीलप्रमाणे असतो. उपासनेत, विशेषतः शुक्रवारच्या रात्रजागरणात, ढोल व टाळ्यांच्या साथीने गायन चालू असता एखाद्या सभासदावर आत्मा उतरतो. तो किंवा ती योरुबा किंवा इंग्रजीत संदेश सांगते आणि शेजारी बसलेला लेखनिक तो वहीत उतरवून घेतो. परीक्षा, गर्भारपण, नोकरी, निवासाचा परवाना, मायदेशी आजारी असलेली आई, असे त्यातील विषय असतात. संदेशात केवळ भविष्य नसते, तर उपायही असतो: किती दिवस उपास करायचा, कोणती स्तोत्रे कोणत्या प्रहरी किती वेळा म्हणायची, किती मेणबत्त्या लावायच्या, प्रार्थनेने पवित्र केलेले पाणी वा तेल कसे वापरायचे. या साऱ्यास मंडळीत ‘आध्यात्मिक काम’ म्हणतात, आणि तो शब्द नेमका आहे, कारण त्यात खरोखर श्रम असतात. कारखान्यातील किंवा रुग्णालयातील पाळी संपवून आलेली माणसे दुसऱ्याच्या कुटुंबासाठी पहाटेपर्यंत गुडघ्यांवर असतात. ज्याच्यासाठी ही प्रार्थना होते, तो उद्या दुसऱ्यासाठी तीच करण्यास बांधला जातो. मंडळीतील परस्पर साहाय्य या बांधिलकीतून उगवते, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

हे साहाय्य विविध प्रकारचे आहे. ‘आजो’ किंवा ‘एसुसू’ या योरुबा पद्धतीच्या भिशीतून सभासद घराची अनामत रक्कम, शिक्षणशुल्क वा विमानभाडे उभे करतात. नव्याने आलेल्यास खोली व काम मिळवून देणे, रुग्णालयात भेटीस जाणे, बाळंतिणीस मदत, मृत्यू झाल्यास शव मायदेशी नेण्यासाठी वर्गणी, ही कामे प्रामुख्याने स्त्रियांच्या मंडळाकडे असतात. बाळाचा नामकरणविधी आठव्या दिवशी होतो व त्यासाठी सभासद बाळाच्या घरी जमतात. वर्षातील सर्वांत मोठा प्रसंग हंगामाच्या उपकारस्तुतीचा. शेतीशी संबंध न उरलेल्या या शहरवासीयांच्या वेदीपुढे फळे, कंद व भाज्या यांची रास लागते, वस्तूंचा लिलाव होतो, अन्य मंडळ्यांतील पाहुणे येतात आणि जोलोफ या पश्चिम आफ्रिकी मसालेभाताचे जेवण होते. त्या दिवशी जमणाऱ्या देणग्यांवर मंडळीचा वर्षाचा बराचसा खर्च भागतो. पाळक बहुधा विनावेतन असतो व आठवडाभर अन्यत्र नोकरी करतो. लहान मंडळीतही पदे पुष्कळ असतात, आणि दिवसा साफसफाईचे किंवा पहाऱ्याचे काम करणाऱ्या सुशिक्षित माणसास तेथे पदवी व तिचा निदर्शक कमरपट्टा मिळतो, यास कमी लेखू नये.

स्त्रियांचे स्थान शाखेनुसार बदलते. चेरुबिम अँड सेराफिममध्ये संदेश सांगणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असून त्यांचा शब्द पाळकालाही मानावा लागतो. चर्च ऑफ द लॉर्ड स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देते. सेलेस्टियल चर्चमध्ये स्त्रियांस वेदीपाशी जाण्यास मनाई आहे व मासिक पाळीच्या काळात त्या उपासनागृहात येत नाहीत. जुन्या करारातील शुद्धिनियम हा त्याचा आधार सांगितला जातो, परंतु योरुबा देवस्थानांतील विटाळाचे नियमही त्यामागे असावेत. ब्रिटनमध्ये वाढलेल्या मुलींना हा नियम जाचक वाटतो.

जागा हा या मंडळ्यांचा कायमचा प्रश्न आहे. रात्रीच्या ढोलांमुळे शेजाऱ्यांच्या तक्रारी होत असल्याने त्या निवासी वस्तीपासून दूर, गोदामे व बंद पडलेल्या दुकानांकडे सरकल्या. दक्षिण लंडनमधील ओल्ड केंट रोडचा परिसर त्यामुळे आफ्रिकी चर्चचे जणू केंद्र बनला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोहॅम्प्टन विद्यापीठाच्या पाहणीत एकट्या सदर्क विभागात कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या 240 मंडळ्या आढळल्या, अर्थात त्यांत अलादुरांखेरीज अन्य पंथही आले. इमारतीचा वापर बदलण्यासाठी स्थानिक नियोजन विभागाची परवानगी लागते. ती न घेता उपासना सुरू केलेल्या मंडळ्यांवर नोटिसा बजावल्या जातात, आणि या भागाच्या पुनर्विकासात स्वस्त गोदामे पाडली जात असल्याने लहान मंडळ्यांना स्थलांतर करावे लागते.

इतर चर्चकडून मान्यता सावकाश मिळाली. चर्च ऑफ द लॉर्डला 1975 मध्ये जागतिक चर्च परिषदेचे सभासदत्व मिळाले. बर्मिंगहॅमच्या सेली ओक येथे 1978 पासून चालविण्यात आलेल्या एका केंद्रात कृष्णवर्णीय मंडळ्यांच्या पाळकांना धर्मशास्त्राचे प्रशिक्षण व अँग्लिकन आणि अन्य पाळकांना त्यांचा परिचय, असे दुहेरी कार्य झाले.

1980 च्या दशकात नायजेरियातील आर्थिक घसरणीमुळे स्थलांतराची नवी लाट आली व तिच्याबरोबर मोठ्या पेंटेकॉस्टल मंडळ्या वाढल्या. त्यांपैकी रिडीम्ड ख्रिश्चन चर्च ऑफ गॉडचे संस्थापक जोसाया अकिंदायोमी स्वतः चेरुबिम अँड सेराफिममधून बाहेर पडलेले होते. असे असूनही या नव्या मंडळ्या मेणबत्त्या, पवित्र पाणी व शुभ्र झगे यांस मूर्तिपूजेचा अवशेष मानतात. अलादुरा कुटुंबांतील तरुण तिकडे वळतात ते बहुधा इंग्रजी उपासना व कमी विधी यांसाठी. जुन्या मंडळ्यांनीही आता प्रवचनाचे वाक्यावाक्याने भाषांतर, मुलांसाठी स्वतंत्र वर्ग व बालसुरक्षेचे लेखी नियम स्वीकारले आहेत, आणि स्तोत्रे मात्र बहुतेक ठिकाणी योरुबातच गायली जातात.