३८ बाइट पुसायचा खटाटोप

पावसाळा आला की सांगलीत प्रत्येकाच्या फोनवर दोन-चार ग्रुप वाढतात. पूर अपडेट, गल्लीचा ग्रुप, अपार्टमेंटचा ग्रुप, पाव्हण्यांचा ग्रुप, आणि सगळीकडं एकच प्रश्न, आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी, पाणी किती. पाणी ओसरतं पण ग्रुप तसेच राहतात, मग गणपतीच्या आसपास कधीतरी फोन सांगतो स्टोरेज फुल आणि माणसं जुनी चॅट उडवायला बसतात. या उडवण्याबद्दल आपल्याकडं दोन पक्ष आहेत. एक म्हणतो डिलीट दाबलं, विषय संपला. दुसरा म्हणतो काय संपत नसतंय ओ, सगळं सर्व्हरवर असतंय, पाहिजे तेव्हा काढतात. दोघांशी वाद घालून कंटाळा आला म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी सर्व्हरचं मिटवून टाकू. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१६ पासून मेसेज तुमच्या फोनमध्येच एन्क्रिप्ट होतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा होतो, आणि समोरच्याच्या फोनमध्ये उघडतो, मधला सर्व्हर फक्त पोचवतो आणि पोचला की काढून टाकतो. समोरच्याचा फोन बंद असेल तर ३० दिवस तसाच एन्क्रिप्ट अवस्थेत ठेवतो, मग काढतो. टेलिग्रामचं वेगळं आहे, तिथली साधी चॅट त्यांच्या क्लाउडवरच राहतात, त्यामुळं तिथं दुसऱ्या पक्षाचं म्हणणं बरंचसं बरोबर निघतं. आणि हो, तिसरी लाल टिक आली की सरकारनं मेसेज वाचला असं सांगणारा तो फॉरवर्ड दरवर्षी नव्यानं फिरतो, तो खोटा आहे, अशी टिकच नाही. तो मात्र बिनधास्त डिलीट करा.

आता फोनच्या आत जाऊ. एक मेसेज घेऊ: "आयर्विन ४० फूट". ४० म्हणजे इशारा पातळी आणि ४५ ला धोका, हे सांगलीकराला सांगायला नको. हा मेसेज फोनमध्ये किती जागा खातो? देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर तर झालंच पण काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हे सगळे सुटे सुटे मोजून, ३ बाइट घेतं, इंग्रजी अक्षर आणि मोकळी जागा १ बाइट. आयर्विन म्हणजे आ, य, र, हलन्त, व, वेलांटी, न अशी सात चिन्हं, २१ बाइट. दोन आकडे ६, फूटचे ९, दोन मोकळ्या जागा २. एकूण ३८ बाइट. (सांगली १८ आणि सातारासुद्धा १८, उगाच भांडू नका.)

असे एक लाख मेसेज झाले तरी ३८ लाख बाइट, म्हणजे चार एमबीच्या आत, फोनच्या कॅमेऱ्यातला एखादा बरा फोटो तेवढा असतो. प्रत्येक मेसेजबरोबर वेळ, कोणी पाठवला, पोचला का, वाचला का ही माहिती पण असते, ती धरून पाचपट करा, तरी कॅमेऱ्यातनं काढलेला मिनिटभराचा व्हिडिओ त्याला भारी पडतो. म्हणजे स्टोरेजसाठी मजकूर उडवत बसण्यात काही अर्थ नाही, सेटिंगमध्ये स्टोरेजच्या भागात जाऊन ५ एमबीच्या वरच्या फाइल आणि खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या फाइल बघा, तिथंच माल सापडेल. पण समजा जागेचा प्रश्न नाही, तुम्हाला तो मेसेज खरोखरच नको आहे. मग काय होतं?

व्हॉट्सअ‍ॅप मेसेज ठेवतं ते एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये. हा रिचर्ड हिप या माणसानं २००० साली काढला, अमेरिकन नौदलाच्या युद्धनौकेसाठीचं सॉफ्टवेअर करताना गरज पडली म्हणून, आणि आज प्रत्येक अँड्रॉइडमध्ये, प्रत्येक आयफोनमध्ये तोच आहे, फुकट. त्याची फाइल सारख्या आकाराच्या पानांची असते, एक पान बहुतेक वेळा ४०९६ बाइटचं. पानाच्या वरच्या बाजूला एक यादी, कुठला मेसेज पानात कितव्या बाइटला सुरू होतो त्याची. आणि मेसेज भरत जातात पानाच्या खालच्या टोकाकडून वर. यादी वरून खाली वाढते, मजकूर खालून वर, मध्ये भेटले की पान भरलं. मला हे डिझाइन भयंकर आवडतं.

तुम्ही डिलीट दाबता तेव्हा यादीतली त्या मेसेजची नोंद निघते. आणि मेसेज जिथं होता तिथले पहिले ४ बाइट बदलतात. चारच. त्यातल्या दोनांत लिहितात पुढची रिकामी जागा कुठं आहे ते, उरलेल्या दोनांत ही रिकामी जागा केवढी आहे ते. बास, काम झालं. त्या पहिल्या बाइटांमध्ये आधी काय होतं, तर मेसेजच्या नोंदीची लांबी आणि तिचा नंबर वगैरे. म्हणजे नोंदीचं डोकं उडालं पण धड शाबूत, आपले "आयर्विन ४० फूट" चे ३८ च्या ३८ बाइट जागच्या जागी. अ‍ॅपला ते दिसत नाहीत कारण अ‍ॅप यादी बघून चालतं, पण ती फाइल कोणी सरळ उघडून बघितली तर मजकूर वाचता येतो.

जोनाथन झ्दियार्स्की नावाच्या अमेरिकन फॉरेन्सिक तज्ज्ञानं २०१६ मध्ये आयफोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये हेच दाखवलं होतं, चॅट डिलीट केली, क्लिअर केली, तरी खुणा फाइलमध्ये शिल्लक. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांनी मुद्दाम काही केलं असं नव्हतं, डेटाबेसची चालच तशी आहे.

मग नवे मेसेज येऊन त्या रिकाम्या जागेवर बसत असतील की? इथं पण एक गोम आहे. मेसेजना नंबर चढत्या क्रमानं मिळतात, आणि पानं नंबराप्रमाणं लागलेली असतात, त्यामुळं आज आलेला मेसेज शेवटच्या पानावर जातो, दोन वर्षांपूर्वीच्या पानात मध्येच पडलेल्या मोकळ्या जागेत तो जात नाही. शिवाय सगळ्या ग्रुपचे मेसेज एकाच तक्त्यात, आले त्या क्रमानं एकात एक मिसळलेले असतात. म्हणजे पूर अपडेट ग्रुप उडवला की पाव्हण्यांच्या मेसेजमधल्या मधल्या जागा मोकळ्या होतात, शेकडो पानांवर विखुरलेल्या. ज्या रात्री पाणी चढत होतं आणि त्या एकाच ग्रुपवर धडाधड मेसेज पडत होते त्या रात्रीची पानं मात्र पूर्ण रिकामी होतात, आणि पूर्ण रिकामं पान मोकळ्या पानांच्या यादीत जाऊन लवकर परत वापरलं जातं. गंमत बघा, जे जास्त बोललं गेलं ते लवकर पुसलं जातं.

एसक्यूलाइटमध्ये यावर उपाय आहे. अ‍ॅप बनवणाऱ्यानं एक सेटिंग चालू ठेवलं तर डिलीट करताना त्या जागी शून्यं लिहिली जातात. मग ३८ बाइट गेले का? डेटाबेसच्या दृष्टीनं गेले. पण डेटाबेस ज्या चिपवर बसलाय ती चिप काय म्हणते हे अजून विचारलंच नाही.

फोनमधली साठवण फ्लॅश मेमरीची असते, ही तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. तिच्यात लिहिणं म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडणं. सिलिकॉनच्या वर काचेसारखा एक थर, जाडी दहा नॅनोमीटरच्या आसपास, आणि त्याच्या पलीकडं चारी बाजूंनी बंद अशी जागा. नेहमीच्या नियमानं या थरातून इलेक्ट्रॉन जाऊच शकत नाही, पण २० व्होल्टच्या घरातला दाब दिला की तो क्वांटम टनेलिंगनं पलीकडं जाऊन बसतो, थराला भोक न पडता. दाब काढला की अडकला, वर्षानुवर्षं तिथंच. बॅटरी चार व्होल्टची, म्हणून वीस करायला चिपमध्येच वेगळी सोय असते. पुसायचं म्हणजे उलटा दाब देऊन इलेक्ट्रॉन परत बाहेर खेचायचे. शाळेत आपण अणूभोवती फिरणारे इलेक्ट्रॉन काढून दहा मार्क घेतले, आणि इथं तेच इलेक्ट्रॉन आयर्विनची पातळी धरून बसलेत, मला तरी हे अजून खरं वाटत नाही.

पण हे उलटं खेचणं एकेका मेसेजपुरतं होत नाही. लिहिता येतं काही केबीच्या पानानं (हे चिपचं पान, डेटाबेसचं वेगळं), पुसता मात्र येतो अख्खा ब्लॉक, शेकडो-हजारो पानांचा, काही एमबीचा. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, ज्यांनी बघितलीत त्यांना हे पटकन कळेल, पेव फोडलं की आतली सगळी हळद बाहेर, दोन पोती काढून परत झाकलं असं कोणी करत नाही. त्यात प्रत्येक पुसण्याला तो काचेसारखा थर थोडा झिजतो, आजच्या साध्या चिपचा ब्लॉक हजार ते तीन हजार वेळा पुसला की थकला. म्हणून चिपमधला कंट्रोलर, म्हणजे लिहिणं-पुसणं सांभाळणारा भाग, कंजुषी करतो. तुम्ही म्हणालात या जागी शून्यं लिही, तर तो जुन्या जागेला हातच लावत नाही, शून्यं दुसऱ्या कोऱ्या पानावर लिहितो, स्वतःच्या नकाशात या पत्त्याचं पान आता तिकडं अशी नोंद करतो, आणि जुनं पान बाद म्हणून सोडून देतो. त्या बाद पानावर "आयर्विन ४० फूट" इलेक्ट्रॉनच्या रूपात तसंच बसलेलं. पुढं कधीतरी ब्लॉकमधली बरीच पानं बाद झाली की उरलेली चांगली पानं दुसरीकडं हलवून तो ब्लॉक पुसला जातो, तेव्हा आपला मेसेज खरा गेला. कधी? कंट्रोलरच्या मनात येईल तेव्हा, कुठलंही बटण त्याला आत्ता पूस म्हणून सांगू शकत नाही.

इथपर्यंत वाचून दुसरा पक्ष खूश झाला असेल, बघा म्हणालो होतो की नाही. थांबा जरा.

अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमध्ये तुमचा सगळा डेटा चिपवर एन्क्रिप्ट होऊनच उतरायला पाहिजे असा नियम आहे, आयफोनमध्ये तर त्याच्याही आधीपासून. म्हणजे त्या बाद पानावर बसलेले इलेक्ट्रॉन आयर्विन म्हणतच नाहीत, ते निव्वळ खिचडी म्हणतात, आणि खिचडीचं परत आयर्विन करणारी किल्ली फोनच्या सुरक्षित हार्डवेअरच्या ताब्यात, तुमच्या पिनशी बांधलेली. चिप उचकटून काढून वाचली तरी खिचडीच. आणि फॅक्टरी रीसेट करताना फोन १२८ जीबी पुसत बसत नाही, त्याला तेवढा वेळही लागत नाही हे तुम्ही बघितलं असेल, तो मुख्यतः किल्ली नष्ट करतो. शंभर बाइटसुद्धा नसतात त्या किल्लीत. ती गेली की मेसेज, फोटो, बाद पानं, चालू पानं, सगळं एकदम कायमचं निरर्थक.

म्हणजे चालू फोनमध्ये, पिन टाकून उघडलेल्या, डिलीट केलेला मेसेज काही काळ डेटाबेसच्या मोकळ्या जागेत सापडू शकतो, आणि तोही ज्याला त्या फाइलपर्यंत पोचता येतं त्यालाच. तपास यंत्रणांकडं तशी साधनं असतात. दुकानाच्या बोर्डावर "डिलीट मेसेज परत मिळतील" असं लिहिणाऱ्याकडं बहुतेक वेळा नसतात, तो तुमचा बॅकअप परत बसवून देतो आणि पैसे घेतो, जे घरी फुकट होतं. आणि डिलीट मेसेज दाखवणारी जी अ‍ॅप मिळतात ती तर साधी चलाखी आहे. अँड्रॉइड एका अ‍ॅपला दुसऱ्याची खासगी फाइल बघू देत नाही, म्हणून ही अ‍ॅप तुमच्याकडून नोटिफिकेशन वाचायची परवानगी घेतात आणि येणारा प्रत्येक मेसेज स्वतःकडं उतरवून ठेवतात. अ‍ॅप फोनमध्ये टाकायच्या आधीचं काही त्यांना मिळत नाही. उलट बँकेच्या मेसेजसकट सगळ्या नोटिफिकेशनवर नजर ठेवायची परवानगी तुम्ही कुणा अनोळखी माणसाला दिलेली असते. भोंदू बाबाकडं जाताना निदान बाबा समोर तरी दिसतो.

खरे मेसेज टिकतात ते इलेक्ट्रॉनमुळं नाही तर नकलांमुळं. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप रोज रात्री एक बॅकअप फोनमध्येच ठेवतं, शेवटच्या सात दिवसांचे असतात. गूगल ड्राइव्हवरचा वेगळा, आणि तो एंड-टू-एंड एन्क्रिप्ट करायची, म्हणजे गूगललाही वाचता येऊ नये अशी, सोय २०२१ पासून आहे पण आपली आपण चालू करावी लागते. आज चॅट उडवली तरी कालच्या बॅकअपमध्ये ती आहेच. आणि ग्रुपमध्ये जेवढी माणसं तेवढे फोन. नुसतं डिलीट फॉर मी केलं तर फक्त तुमच्या फोनमधली यादी बदलते. डिलीट फॉर एव्हरीवन म्हणजे काय, तर बाकीच्यांच्या फोनला आणखी एक मेसेज जातो, तो अमुक नंबरचा मेसेज काढ म्हणून, आणि तिकडचं अ‍ॅप ते ऐकतं. २०१७ मध्ये हे आलं तेव्हा सात मिनिटांची मुदत होती, २०२२ पासून दोन दिवसांच्या थोडी वर आहे. तेवढ्यात कुणी स्क्रीनशॉट काढला असेल तर त्याला हा निरोप लागू नाही.

जुना फोन विकणार असाल तर रीसेट कराच, पण त्याआधी मागचं झाकण किंवा ट्रे उघडून मेमरी कार्ड काढून घ्या. कार्डावरचे फोटो आणि व्हिडिओ सहसा एन्क्रिप्ट नसतात, फोन रीसेट केला तरी कार्ड वेगळं फॉरमॅट करावं लागतं, आणि साध्या फॉरमॅटनं तिथंही फक्त यादीच जाते.