ऑर्किड : बडोद्यातील ओळख आणि जोपासना

ऑर्किड (आमरी) हे ऑर्किडेसी कुलातील वनस्पतींचे सर्वसाधारण नाव. या कुलात सुमारे २८,००० जाती आहेत. उष्ण कटिबंधातल्या बहुतेक जाती झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर वाढतात. त्या झाडाचा फक्त आधार घेतात, रस शोषत नाहीत. म्हणून त्यांना अपिवनस्पती म्हणतात. बांडगूळ समजून त्या आंब्यावरून ओरबाडून टाकणे ही आजही होणारी चूक आहे.

बडोद्यात मे महिन्यात पारा ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, तर जानेवारीच्या रात्री तो १०–१३ अंशांपर्यंत उतरतो. वर्षाचा सुमारे ९०० मिमी. पाऊस जवळजवळ सगळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पडतो. ऑर्किड म्हटले की बारा महिने ओलसर जंगल डोळ्यांसमोर येते, पण कितीतरी जाती मूळ प्रदेशातही चार ओले आणि आठ कोरडे महिने काढतात : पावसात वाढतात, मग पाने गाळून निजतात. अशा जाती बडोद्याच्या अगासीवर (गच्चीवर) चांगल्या रुळतात. उलट, दुकानात सर्रास मिळणारी फॅलेनॉप्सिस अगासीवर मे महिना काढत नाही. तिची जागा घरात, पूर्वेच्या खिडकीशी. मात्र कोणते झाड निजते आणि कोणते निजत नाही हे आधी कळले पाहिजे. ओळख चुकली की पाणी चुकते, आणि येथे ऑर्किड मरतात ती बहुधा पाण्याच्या चुकीने.

ओळख : ऑर्किडच्या फुलात तीन संदले (बाहेरची दले) आणि तीन पाकळ्या असतात. पाकळ्यांपैकी एक वेगळ्या घडणीची असते, तिला ओठ म्हणतात. पुंकेसर आणि कुक्षी एकत्र येऊन मधोमध एक स्तंभ तयार होतो, आणि पराग सुटा न राहता त्याच्या घट्ट गोळ्या बनतात. हे परागपुंज दाभणाच्या टोकाने अलगद उचलून मोजता येतात : वांडा या प्रजातीत दोन, डेंड्रोबियम या प्रजातीत चार. रंगावर विसंबू नये, एकाच जातीत तो बराच बदलतो. ओठाचा आकार, त्यामागची पोकळ शुंडिका (नळीसारखा भाग), पानाचे टोक आणि वाढीची रीत ही खात्रीची लक्षणे. ओळख विचारायची असेल तर फुलाचे समोरून आणि बाजूने, पानाच्या टोकाचे आणि अख्ख्या झाडाचे असे चार फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढावेत. नुसत्या समोरच्या फोटोत शुंडिका दिसत नाही, आणि पुष्कळदा निर्णय तिच्यावरच असतो.

गुजरात-महाराष्ट्रातल्या जाती आधी शिकाव्यात. त्यांवर नजर तयार होते. रास्ना (वांडा टेसेलाटा) फुलावर आली की चुकत नाही : पिवळसर हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी चौकडी, जांभळट निळा ओठ, मंद सुवास. फूल नसताना मात्र ती आणि अकाम्पे प्रीमोर्सा यांची गल्लत होते. रास्नेचे पान अरुंद, पन्हळीसारखे, टोकाशी दातांनी कुरतडल्यासारखे. अकाम्पेचे रुंद, जाड, चामड्यासारखे. पाने सुईसारखी गोल असतील तर लुइसिया. शुंडिका शिंगासारखी पुढे वळलेली दिसली तर एरिडिस. पांढऱ्या फुलांवर गुलाबी-जांभळे ठिपके आणि शेपटीसारखा लोंबता दाट तुरा असेल तर ती सीतेची वेणी, म्हणजे रिंकोस्टायलिस रेटुसा.

सगळ्यात महाग पडणारी गल्लत डेंड्रोबियममध्ये होते. कापलेल्या फुलांसाठी लावल्या जाणाऱ्या ‘सोनिया’सारख्या संकरित जातींच्या कांड्या ताठ असतात आणि चिवट पाने दोन-तीन वर्षे टिकतात. त्यांना हिवाळ्यात पाणी कमी करायचे, बंद नाही. डेंड्रोबियम अफायलमच्या कांड्या खाली लोंबतात, पाने पातळ असतात आणि थंडीत गळून जातात. उरलेली कांडी कागदी पापुद्र्यात गुंडाळलेल्या वाळक्या काडीसारखी दिसते. ती मेली म्हणून फेकून देतात, किंवा दया येऊन पाणी घालतात. पाणी घातले की फुलांच्या जागी डोळ्याडोळ्यांतून पिल्ले फुटतात (त्यांना कीकी म्हणतात) आणि त्या वर्षीचा बहर जातो. दिवाळीपासून पाणी थांबवावे, पंधरा दिवसांतून एकदा सकाळी नुसता फवारा द्यावा, उजेड भरपूर ठेवावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण कांड्यांवर कळ्या दिसू लागतात. त्या हरभऱ्याएवढ्या झाल्या की पाणी हळूहळू वाढवावे.

कॅटासेटम : वेगळे काही लावायचे असेल तर बडोद्यासाठी पहिली शिफारस या प्रजातीची. मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुले कडक उजेडात आणि सशक्त झाडावर येतात, सावलीत बहुधा नरच. नर फुलातील मिशीसारख्या तंतूला काडीने स्पर्श केला की परागपुंज झटकन उडतो आणि त्याची चिकट चकती समोरच्या वस्तूला घट्ट बसते. मूळ प्रदेशात ती मधमाशीच्या पाठीवर बसते. पराग सुटल्यावर फूल लवकर कोमेजते, म्हणून फुललेली कुंडी उचलताना हात लागू देऊ नये.

याचे वर्ष बडोद्याच्या पंचांगाशी जुळते. नवरात्रानंतर पाने पिवळी पडू लागली की खत बंद, पाणी कमी. पाने गळाली की पाणी पूर्ण बंद. उत्तरायणाला अगासी पतंगवाल्यांनी भरते. त्याआधी उघडे छद्मकंद (अन्न साठवणारी फुगीर खोडे) आत आणून ठेवावेत, मांजा लागला तर कंद कापला जातो. होळीच्या सुमारास कंदाच्या तळाशी कोंब फुटतो आणि इथेच घाई होते. या वेळी झाडाला नवी मुळे नसतात, जुनी मेलेली असतात. कुंडीत घातलेले पाणी कुणी ओढून घेत नाही, आणि द्रोणासारख्या कोंबात साचलेले पाणी त्याला दोन दिवसांत कुजवते. नवी मुळे ८–१० सेंमी. होईपर्यंत थांबावे. कोरड्या हवेत कंद फारच सुरकुतला तर कुंडीच्या कडेने अर्धी वाटी पाणी चालते. मुळे धरली की मात्र हात आखडू नये : पावसाळ्याच्या शेवटापर्यंत भरपूर पाणी आणि नियमित खत. चार-पाच महिन्यांत पुढच्या वर्षीची सगळी शिधासामग्री कंदात भरायची असते.

स्टॅनहोपिया लावताना तळ बंद असलेली कुंडी वापरू नये. तिचा फुलोरा खाली वाढतो, मातीच्या तळाला अडतो आणि आतच कुजतो. सागवानी पट्ट्यांची उघडी टोपली हवी. फुले जेमतेम तीन दिवस टिकतात. सतत ओल मागणारी बल्बोफायलम येथे सर्वांत कठीण. ओठ बिजागरीवर बसवल्यासारखा वाऱ्याने हलतो, काहींना कुजक्या मांसाचा वास येतो. अनुभव जमल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मुळे, कुंडी, जागा : मुळांवर जलशोषक त्वचेचा जाड थर असतो. कोरडा असताना तो रुपेरी दिसतो, पाणी प्यायला की हिरवा. पाणी द्यायचे की नाही हे सांगणारे याहून चांगले साधन नाही. वांडाला माध्यम लागतच नाही. टोपलीत उघडी मुळे लोंबू द्यावीत आणि बादलीत १०–१५ मिनिटे, हिरवी होईपर्यंत, बुडवावीत. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ. इतरांसाठी बाजूने भोके असलेली मातीची कुंडी, आणि तिच्यात २–३ सेंमी.चे लाकडी कोळशाचे दोन भाग व विटेच्या तुकड्यांचा एक भाग. नारळाची शेंडी घालायची तर आठवडाभर भिजत ठेवून रोज पाणी बदलावे, म्हणजे क्षार निघून जातात. पावसात उघड्यावर राहणाऱ्या कुंडीत ती घालूच नये, वर्षभरात लगदा होतो.

झाडावर बसवायचे असेल तर आंबा उत्तम. पेरू आणि निलगिरी साल सोडतात, सालीबरोबर ऑर्किडही गळून पडते. पहिल्या पावसानंतर जुन्या सुती साडीच्या पट्टीने घट्ट बांधावे. झाड हलत राहिले तर मुळांची कोवळी टोके घासली जाऊन चिकटत नाहीत. अगासीवर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी, एप्रिल ते जूनमध्ये ७५ टक्के. फरशी तापते, म्हणून कुंड्या जमिनीपासून दोन फूट वर टांगाव्यात आणि दुपारी फरशीवर पाणी मारावे, पानांवर नव्हे.

पाणी व खत : विरघळलेले क्षार २०० पीपीएमच्या आत असावेत, साधा टीडीएस मीटर घेऊन मोजावे. बोअरचे पाणी बहुधा याच्या बरेच वर जाते. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घालतात, ते तर सगळ्यात वाईट, कारण गाळलेले क्षार त्यातच एकवटलेले असतात. मुळांची टोके तपकिरी होऊन वाढ थांबते. पावसाचे पाणी साठवावे : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, तेव्हा २० चौरस मीटर अगासीवर ५० मिमी.च्या एका दिवसात हजार लिटर पडते. वाढीच्या काळात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश) खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी मुळे भिजवून. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी.

रोग व किडी : पावसाळ्यात पानाचा बुंधा काळा पडतो आणि पान हलकेच ओढले की हातात येते, ही काळी कूज. पाणचट, दुर्गंधी सुटलेला डाग असेल तर जिवाणूजन्य कूज. दोन्हींत निरोगी भागात एक-दोन सेंमी. आत जाऊन कापावे, पाते दर कापाला ज्योतीवर तापवावे, जखमेवर दालचिनीची पूड लावावी. ती मुळांवर सांडू देऊ नये, मुळे सुकतात. तांबेयुक्त बुरशीनाशक डेंड्रोबियमवर वापरू नये, पाने जळतात. पाते न तापवता झाडामागून झाड कापत गेल्यास विषाणू पसरतात, आणि त्यांवर उपाय नाही. झाड नष्ट करावे लागते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो : पानाची मागची बाजू रुपेरी, खरखरीत. पावसात गोगलगायी रात्रीत मुळांची टोके खातात, त्या बॅटरी घेऊन वेचाव्यात.

रोपे मिळवणे : भारताच्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या संरक्षित वनस्पतींत निळा वांडा, लाल वांडा आणि पॅफिओपेडिलम (सपातेसारख्या ओठाची ऑर्किड) आहेत, सगळ्याच ऑर्किडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्य जातींच्या व्यापाराविषयीच्या कराराचे नियंत्रण आहे. जंगलातून ओरबाडलेले झाड तुटक्या मुळांवरून आणि सालीच्या कपच्यांवरून ओळखू येते. ते घेऊ नये. गर्द निळी फॅलेनॉप्सिस म्हणजे दांड्यात रंग सोडलेले पांढरे झाड, पुढची फुले पांढरीच येतात. पाकिटातले ‘ऑर्किडचे बी’ तर शुद्ध फसवणूक आहे. खरे बी धुळीसारखे असते, त्यात अन्नसाठा नसतो, आणि निसर्गात विशिष्ट बुरशीच्या मदतीशिवाय ते रुजत नाही. बुरशीविना, शर्करायुक्त माध्यमावर ते रुजवण्याची रीत लुइस नडसन यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केली, आणि आजची बाटलीतली रोपे त्याच मार्गाने येतात. अशी बाटली बडोद्यात जुलैमध्ये फोडावी, हवा दमट असताना. रोपे कोमट पाण्यात आगरचा (बाटलीतल्या जेलीसारख्या माध्यमाचा) कण न् कण जाईपर्यंत धुवावीत, कारण उरलेल्या साखरेवर बुरशी येते. मग २०–२५ रोपे एकाच उथळ कुंडीत, बारीक कोळशात लावून पहिले तीन आठवडे पारदर्शक झाकणाखाली ठेवावीत. वांडाला अशा रोपापासून पहिले फूल यायला चार-पाच वर्षे लागतात.