म्यान शिवून झाल्यावर ते पाण्यात का बुडवतात?

‘चामड्याला पाणी लागू देऊ नका.’ पट्टा, पाकीट, बूट, काहीही घेतलं की हा सल्ला मिळतो आणि तो सहज पटतोही, कारण भिजलेला बूट वाळल्यावर कडक होऊन वेडावाकडा झालेला बहुतेकांनी पाहिलेला असतो. म्हणून चामड्याच्या कामाचा छंद नव्याने लागलेल्या माणसाला चाकूचं म्यान किंवा पिस्तुलाचं होल्स्टर करताना धक्का बसतो. तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचं सुरेख चामडं मापात कापायचं, रापीने कडा तासायच्या, आरीने भोकं पाडून एकेक टाका घालायचा आणि एवढं सगळं झाल्यावर ती वस्तू सरळ कोमट पाण्यात बुडवायची!

जगभरचे म्यानं करणारे कारागीर हेच करतात, आणि ते बरोबरच करतात. ज्या कारणामुळे भिजलेला बूट बिघडतो, त्याच कारणामुळे होल्स्टर आकार घेतं आणि तो आकार वर्षानुवर्षं सोडत नाही. हे कारण चामड्याच्या रेणूंमध्ये दडलेलं आहे. हातात सुई धरणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्यानंतर या कामातले निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

जनावराच्या ताज्या कातडीतला मोठा भाग पाणी असतो. उरलेल्यातला बहुतेक भाग कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या, एवढं शाळेत झालेलं असतं. कोलॅजेनच्या एका साखळीत अशी सुमारे १००० अमिनो आम्लं असतात आणि तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेऊन एक रेणू बनतो. त्याची लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर आणि जाडी जेमतेम दीड नॅनोमीटर, म्हणजे जाडीच्या २०० पट लांब. ही तिपेडी रचना १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. त्यासाठी लागलेला कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचा नमुना त्यांना शेजारच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून मिळाला होता. जीवरसायनशास्त्रातल्या एवढ्या मोठ्या शोधाला चामड्याच्या संस्थेने हातभार लावला, ही गोष्ट मला फार आवडते.

आता थोडं आत शिरू. या साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन असतं. ग्लायसिन हे सगळ्यांत छोटं अमिनो आम्ल, त्याच्या बाजूच्या शाखेत फक्त एक हायड्रोजन अणू. तीन साखळ्यांच्या पिळाच्या मधोमध इतकी कमी जागा असते की तिथे दुसरं काही मावतच नाही. प्रत्येक ग्लायसिनच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन शेजारच्या साखळीतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा हायड्रोजन बंध. एकटा घेतला तर दुबळा, पण रेणूच्या टोकापासून टोकापर्यंत असे शेकडो असतात. असे रेणू थोडे पुढे-मागे सरकून शेजारी शेजारी रचले जातात, त्यांचे तंतुक बनतात, तंतुकांचे तंतू आणि तंतूंच्या जुड्या. कातडीत या जुड्या सगळ्या दिशांना एकमेकींत गुंतलेल्या असतात. विणलेल्या कापडाला उभा-आडवा धागा असतो, चामड्याला तो नसतो. म्हणूनच कापलेल्या चामड्याची कड उसवत नाही.

कच्ची कातडी ओली राहिली तर कुजते आणि वाळली तर खडखडीत होते, कारण पाणी निघून गेलं की तंतू एकमेकांना चिकटतात. कातडी कमावणं म्हणजे या तंतूंच्या मध्ये असं काहीतरी बसवणं, जे त्यांना चिकटू देणार नाही आणि जिवाणूंनाही पचणार नाही. याच्या दोन मुख्य रीती आहेत. जुनी रीत झाडांच्या टॅनिनची: बाभळीची साल, हिरडा, ओकची साल. टॅनिनचे रेणू मोठे असतात, त्यांच्यावर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) गर्दीने बसलेले असतात आणि ते कोलॅजेनशी हायड्रोजन बंधांनीच जोडले जातात. शिवाय ते बरेच आत शिरतात, तंतूंमधली जागा भरून काढतात. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. ती १९व्या शतकाच्या उत्तरार्धात व्यवहारात आली. ऑगस्टस शुल्त्झला तिचं अमेरिकन पेटंट १८८४ साली मिळालं. क्रोमियम कोलॅजेनच्या कार्बोक्सिल गटांना (बाजूच्या शाखांवरच्या आम्लधर्मी टोकांना) थेट पकडतं. ते लागतं थोडंच, पण त्याची पकड पाण्याने सुटत नाही.

पाणी नेमकं कुठे घुसतं, ते इथे कळतं. पाण्याचा रेणू स्वतःच हायड्रोजन बंध करण्यात पटाईत. टॅनिनने कमावलेलं चामडं भिजलं की पाण्याचे रेणू तंतू आणि टॅनिन यांच्यामध्ये शिरतात, जुन्या बंधांची जागा घेतात आणि तंतू एकमेकांवरून सरकायला मोकळे होतात. सुती सदऱ्यावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवताना सेल्युलोजच्या बाबतीत हेच घडतं: पाण्याने बंध सैल होतात, कापड सपाट होतं आणि पाणी उडाल्यावर बंध नव्या जागी पुन्हा जुळतात. चामड्यातही पाणी जाताना तंतूंना जवळ ओढून जातं. तंतू जिथे असतील तिथेच नवे बंध तयार होतात आणि मध्ये भरलेलं टॅनिन त्यांना तिथे टेकू देतं. आकार कायम राहतो तो असा.

बुटाचंही असंच होतं. फरक इतकाच की बूट वाळताना त्याला आकारात धरून ठेवायला कोणी नसतं, त्यातच तो उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवलेला असतो. तंतूंना वंगण देणारं तेलही पाण्याबरोबर थोडं हलतं. म्हणून दोष पाण्यापेक्षा वाळवण्याच्या पद्धतीचा जास्त.

क्रोम चामड्याला तुम्ही कितीही भिजवा, दाबा, बांधून ठेवा, वाळल्यावर ते बरंचसं मूळपदावर येतं. क्रोमियमचे दुवे पाण्याने हललेलेच नसतात आणि मधली जागाही भरलेली नसते. मऊ जाकीट, हातमोजे, बुटांचे वरचे भाग यांसाठी ते उत्तमच आहे. पण नवशिक्या माणसाचं म्यान वाळल्यावर ढिलं पडतं, तेव्हा तो आपल्या हाताला दोष देतो. बहुतेक वेळा दोष चामडं निवडण्यात झालेला असतो.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगतो. शिवलेलं म्यान कोमट पाण्यात बुडवलं की बारीक बुडबुडे निघतात. ही तंतूंमधली हवा. काही सेकंदांतच ते बाहेर काढायचं. लिबलिबीत होईपर्यंत भिजवलं तर दाबलेल्या रेषा टिकत नाहीत, भरून येतात. वरचं पाणी आत मुरू द्यायचं. गडद झालेला रंग कडेकडेने पुन्हा फिका व्हायला लागला की समजावं, वेळ आली. हाताला चामडं गार लागतं, पण बोट ओलं होत नाही. मग आत साचा घालायचा. पिस्तुलासाठी प्लॅस्टिकची हुबेहूब प्रतिकृती वापरतात, चाकू असेल तर तो प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळतात. अंगठ्याने आणि गुळगुळीत हाडाच्या पट्टीने कडा, खाचा, ट्रिगर गार्डची (चापाभोवतीच्या कड्याची) गोलाई दाबत जायचं. चांगलं होल्स्टर पट्टी किंवा बटण नसतानाही पिस्तूल धरून ठेवतं, ते या दाबलेल्या खाचांमुळे आणि घर्षणामुळे. नखं मात्र कापून बसावं. या अवस्थेतल्या चामड्यावर नखाचा ओरखडा उठला, तर तोही तेवढ्याच इमानाने कायम राहतो.

आता उष्णतेचा प्रश्न. वाळवताना थोडी ऊब दिली तर म्यान जास्त टणक होतं, म्हणून कारागीर साधारण ४५ ते ५० अंश सेल्सियसपर्यंत जातात. त्यापुढे धोका आहे. ओलं कोलॅजेन एका ठरावीक तापमानाला एकाएकी आकसतं: कच्ची कातडी साधारण ६० ते ६५ अंशांना, टॅनिनचं चामडं ७० ते ८५च्या दरम्यान, तर चांगलं क्रोम चामडं उकळत्या पाण्यातही तग धरतं. आकसतं म्हणजे काय, तर ग्लायसिनचे ते शेकडो बंध एका लाटेत तुटतात, पीळ उलगडतो आणि ताठ तिपेडी रेणूंच्या जागी अस्ताव्यस्त गुंतलेल्या साखळ्या उरतात. हे परत फिरवता येत नाही. कच्ची कातडी उकळून सरस मिळतो तो याच मार्गाने. हे तापमान चामड्यातल्या पाण्यावर अवलंबून असतं. कोरडं चामडं बरीच जास्त उष्णता सोसतं, ओलं सोसत नाही. म्हणजे ज्या पाण्यामुळे आकार देता येतो, त्याच पाण्यामुळे चामडं उष्णतेपुढे हळवं होतं. घाईने हेअर ड्रायर जवळ धरला तर आणखी एक गोष्ट होते. पृष्ठभागावरून पाणी भराभर उडतं, आतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि न जोडलेलं टॅनिन सोबत घेऊन येतं. मग वरचा थर काळपट पडतो आणि वाकवला की तडकतो.

जाता जाता एका गोष्टीवर बोलणं भाग आहे. टॅनिनचं चामडं आजकाल ‘केमिकलविरहित’ म्हणून विकलं जातं. हा शुद्ध बाजारू दावा आहे. टॅनिन हे रसायनच आहे, आणि ते कोलॅजेनशी रासायनिक बंध करतं म्हणून तर चामडं टिकतं. उलट बाजूने ‘क्रोम म्हणजे विष’ हेही तितकंच ढोबळ. कमावताना वापरतात ते त्रिसंयुजी क्रोमियम. धोकादायक असतं ते क्रोमियमचं दुसरं रूप, षट्‌संयुजी. प्रक्रिया किंवा साठवण नीट नसेल तर ते चामड्यात तयार होऊ शकतं, म्हणूनच युरोपीय संघाने २०१५पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरवली आहे. कारखान्याचं सांडपाणी हा खरा गंभीर प्रश्न, आणि तो दोन्ही रीतींना लागू आहे. ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्याचंही तेच. त्यावरून फार तर चामडं खरं आहे एवढं कळतं. ते कोणत्या थराचं आणि कसं कमावलेलं, हे त्यात कुठेच नसतं.

शिवणीबद्दलही एक ठाम समज आहे: हाताची शिवण टिकते, मशीनची एक टाका तुटला की उसवते. यातलं तथ्य बघू. हाताच्या सॅडल स्टिचमध्ये एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंचे पदर आरपार जातात. एक पदर झिजून तुटला तरी दुसरा सलग असतो. मशीनच्या लॉकस्टिचमध्ये वरचा दोरा वरच राहतो, खालच्या रिळाचा म्हणजे बॉबिनचा खालीच, आणि दोघांची गाठ जाडीच्या मधोमध पडते. वरचा तुटला की तिथे खालच्याला धरायला काही उरत नाही. पण जाड, घट्ट चामड्यात दोऱ्यावर इतकं घर्षण असतं की दोन-तीन टाके ढिले होऊन उसवण तिथेच थांबते. एका ओढीत सगळी सुटते ती साखळी टाक्याची शिवण, धान्याच्या पोत्याच्या तोंडाला असते तशी. ती पाहून लॉकस्टिचला नावं ठेवणं बरोबर नाही.

घरगुती मशीन जाड चामड्यावर टाके सोडतं, त्याचं कारणही फक्त मोटरचा अशक्तपणा नाही. सुई खाली जाऊन दोन-अडीच मिलिमीटर वर येते तेव्हा चामड्याने धरलेला दोरा मागे राहून सुईशेजारी फुगतो. त्या फुगीर फासात बॉबिनभोवती फिरणाऱ्या हुकचं टोक शिरतं आणि फास बॉबिनभोवती फिरवतं. जाड चामडं सुईला घट्ट पकडतं आणि सुईबरोबर वर उचललं जातं, मग फास फुगतच नाही आणि हुक रिकामा फिरतो. म्हणून चामड्याच्या मशीनला भक्कम दाब देणारा, सुईबरोबर पुढे सरकणारा पाय लागतो आणि धारदार टोकाची, चामडं कापत जाणारी सुई लागते. म्यानासारख्या वळणदार कामाला नळीसारखा हात असलेलं मशीन बरं पडतं. टाके मात्र फार जवळ घेऊ नयेत. सुई दर टाक्याला चामडं थोडं कापतच असते, आणि भोकांची दाट रांग म्हणजे फाटायची ठरलेली रेषा.

शेवटी लोखंडाचं. टॅनिन आणि लोह एकत्र आले की गडद निळं-काळं संयुग तयार होतं. युरोपात शतकानुशतकं लिहायची शाई याच क्रियेने बनवत. म्हणूनच ओल्या म्यानात उघडं पोलाद ठेवलं तर चामड्यावर काळे डाग पडतात आणि पात्याला गंज चढतो. वाळलेल्या म्यानातही हत्यार महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण चामडं हवेतला ओलावा धरून ठेवतं. पण याच क्रियेचा उपयोगही करता येतो. व्हिनेगरमध्ये स्टील वूल काही दिवस भिजत घालून ते पाणी गाळा आणि त्याचा एक थेंब चामड्याच्या उरलेल्या तुकड्यावर, मागच्या बाजूने टाका. डाग काळा पडला तर आत टॅनिन आहे. काही चामडं आधी क्रोमने आणि नंतर टॅनिनने कमावलेलं असतं, तेही काळं पडतं. तेव्हा एवढ्यावर न थांबता त्याच तुकड्याची एक पट्टी भिजवून काटकोनात दुमडा आणि रात्रभर तशीच दाबून ठेवा. सकाळी वजन उचलल्यावर ती काटकोनात राहिली तरच त्या चामड्याचं म्यान कापायला घ्या.