धूर थांबला, तरी डिझेल जास्त का जातं?

डिझेलवर चालणारा गरम पाण्याचा बॉयलर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

थंडी पडली की वसतिगृहं, लॉज, दवाखाने आणि काही मोठ्या घरांतून एकसारखे फोन येतात. ‘बॉयलर चालू आहे, धूर नाही, पण डिझेल फार लागतंय.’ बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या दुकानातून माणूस पाठवून बघितलं की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट सापडते: बर्नरच्या हवेचं शटर (हवा कमी-जास्त करणारी झडप) कुणीतरी फिरवलेलं असतं.

होतं असं. नोझल, म्हणजे डिझेल फवारणारं बारीक तोंड, थोडं चोंदतं, डिझेलचा फवारा एका बाजूला जातो आणि चिमणीतून काळा धूर येऊ लागतो. मग वॉचमन किंवा नळकाम करणारा मिस्त्री स्क्रू सैल करून शटर उघडतो. धूर थांबतो आणि काम झालं असं सगळ्यांना वाटतं. पण चोंदलेलं नोझल तसंच असतं. वर जी जादा हवा आत शिरते ती भट्टीतली उष्णता घेऊन सरळ चिमणीतून बाहेर जाते. चिमणीला धुरातले वायू मोजणारा मीटर लावला की जिथं कार्बन डायऑक्साइड 12 ते 13 टक्के दिसायला हवा, तिथं 7 किंवा 8 दिसतो. म्हणजे जळायला लागते त्याच्या जवळजवळ दुप्पट हवा तुम्ही डिझेल जाळून तापवता आणि आभाळात सोडता. ही हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

सर्व्हिस झाली की आम्ही बर्नरवर एक चिठ्ठी लावतो. तिच्यावर शटरचा आकडा, पंपाचं प्रेशर, नोझलचा नंबर आणि चिमणीचं तापमान लिहिलेलं असतं. शटर त्याच आकड्यावर असेल तर बिघाड डिझेलच्या बाजूचा की हवेच्या, हे आम्हाला लवकर कळतं. फिरवलेलं असेल तर सगळं मुळापासून लावावं लागतं, अर्धा दिवस त्यातच जातो आणि त्या वेळेचं बिल तुम्हालाच येतं. म्हणून कळकळीची विनंती: धूर दिसला तर बर्नर बंद करा, फोन करा, शटरला हात लावू नका.

गोव्यातल्या हॉटेलांतून जुने बर्नर आणणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे 8 टक्के विरळ, त्यामुळे तिथं लावलेलं शटर इथं कमी पडतं आणि बर्नर धूर करतो. अशा वेळी हवा खरोखरच वाढवावी लागते, पण किती, ते मीटरच सांगतो. नोझलचंही तसंच. 1.00 नंबरचं नोझल 7 बार प्रेशरला तासाला सुमारे 3.8 लिटर डिझेल सोडतं, तेच 10 बारला साडेचार लिटर. बाजारातून त्याच नंबरचं पण फवाऱ्याच्या वेगळ्या कोनाचं नोझल आणून बसवलं तर ज्योत भट्टीच्या भिंतीवर आदळते आणि काजळी धरते.

तुमचा बॉयलर जास्त खातोय का, हे घरच्या घरी ताडता येतं. 1000 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत न्यायला 40,000 किलोकॅलरी लागतात. एक लिटर डिझेलमधून साधारण 9,000 मिळतात. बॉयलर 85 टक्के कामाचा धरला तर हिशेब सव्वापाच लिटरवर येतो. पाणी तापत असताना कुणी नळ सोडू नये, आणि डिझेलची टाकी आधी-नंतर दांडीनं मोजावी. सहा लिटरपर्यंत चिंता नको. सात-आठ जात असेल तर आम्हाला बोलवा.

काजळी आणि खार ही उरलेली दोन कारणं. 3 मिलिमीटर काजळीनं डिझेल अडीच टक्क्यांनी वाढतं, आणि चिमणीचं तापमान दर 22 अंश वाढलं की कामगिरी एक टक्का घटते. राकसकोप धरणाचं (नळाचं) पाणी वापरणाऱ्यांना खाराचा त्रास कमी. बोअरचं पाणी असेल तर नळ्या वर्षाला एकदा आतून धुवाव्यात. आमच्या वार्षिक सर्व्हिसमध्ये हे दोन्ही येतं, नवीन नोझल आणि डिझेल फिल्टरही. खानापूर, जांबोटीकडच्या ग्राहकांनी पावसाळा संपताच सर्व्हिस करून घ्यावी, कारण दमट हवेत डिझेलच्या टाकीत पाणी साचतं.

बर्नर बंद पडून त्याचा लाल दिवा लागला तर रीसेटचं बटण एकदाच दाबा. पुन्हा पुन्हा दाबलं की न जळलेलं डिझेल भट्टीत साठतं आणि एकदम पेट घेतं. दार उडालेलं आम्ही पाहिलं आहे.

‘मीटर कशाला, ज्योत बघून लावा’ असं काही जण म्हणतात. तसं लावणारे मिस्त्री स्वस्तात मिळतात. आम्ही मीटरशिवाय हवा लावत नाही, कारण ज्योत बघून 8 आणि 12 टक्के कार्बन डायऑक्साइडमधला फरक आम्हालाही कळत नाही. काम झालं की आधीचे आणि नंतरचे आकडे लिहून तुमच्या हातात देतो.

आम्ही येणार त्या दिवशी पाण्याची टाकी भरलेली पण गार ठेवा. पाणी आधीच तापलेलं असेल तर बर्नर लगेच बंद होतो आणि मोजता येत नाही. मोजायला तो सलग पंधरा-वीस मिनिटं चालावा लागतो. वेळ सकाळची आंघोळ-पाणी आटोपल्यानंतरची घ्या. नंबर तुमच्या पावतीवर आहे.